आधी बेअरिंग, मग मोटार

ईदी हातात पडली की मुलगा रिमोटच्या गाडीसाठी जास्त वेगाची मोटार मागतो. अब्बा-अम्मींनो, जरा थांबा. टामियाची टीटी-०२ ही १/१० मापाची गाडी नवशिक्यांची. तिच्या साध्या संचातील शॉकमध्ये तेल नसते, नुसती स्प्रिंग असते. खडबडीत जागी ती उसळते. अशा गाडीत प्लास्टिकचे बुश असतील तर आधी बॉल बेअरिंग घाला. घर्षण घटते, बॅटरी जास्त पुरते. मग तेलाचे शॉक. मग रिमोटवर स्टिअरिंग सरळ करा. मोठा पिनियन लावल्यास मोटार तापते, हात लावून पाहा. एवढे करूनही वेग कमी वाटला तरच मोटार बदला. ईदी वाचेल आणि मुलगा गाडी स्वतः खोलून जोडायला शिकेल.