गजबजलेल्या मंडळीतली मरगळ

ख्रिस्ती जीवनातल्या आध्यात्मिक उदासीनतेचा विषय निघाला की बोट हमखास युरोपातल्या ओस पडलेल्या चर्चकडे जाते. पण ओस पडणे हा फार पुढचा टप्पा. रोग जडतो तो चर्च खच्चून भरलेले असताना. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रे आहेत. काहींवर खोटी शिकवण खपवून घेतल्याचा ठपका आहे. लावदिकीयावर तसला काहीच आरोप नाही, आणि तरी कौतुकाचा एक शब्दही तिच्या वाट्याला येत नाही. आजच्या तुर्कस्तानातले हे शहर पैशाच्या उलाढालीवर आणि काळ्या लोकरीवर गब्बर झालेले. इ.स. 60च्या भूकंपानंतर रोमच्या मदतीवाचून ते पुन्हा उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. लांबून पाणी आणणारे तिथले दगडी नळ आतून क्षारांच्या थराने भरलेले सापडतात. पत्रात या मंडळीला कोमट म्हटले आहे; हा दाखला त्या पाण्यावरूनच सुचला का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; आम्हाला काही कमी नाही, ही तिथल्या मंडळीची समजूत मात्र पत्रात स्पष्ट आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रियसने ही मरगळ जवळून न्याहाळली. भर दुपारी संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटतो, जेवणवेळ किती लांब आहे हे तो सूर्याकडे बघून पुन्हा पुन्हा अजमावतो, जागा आणि हातातले काम दोन्ही नकोसे होते. त्याच परंपरेतला कॅसियन आणखी खोचक: आजाऱ्याला भेटायला जाण्याची ओढसुद्धा अशा वेळी पळवाट असते, असे तो बजावतो. आपल्याकडच्या कोणत्याही मंडळीचा वार्षिक अहवाल या नजरेने उघडून बघावा. जमाखर्च, रंगकाम, सहल, गायनस्पर्धा सगळे असते. एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोन घरांचा समेट झाला का, याला रकाना नसतो.

यावर कोणी म्हणेल, रोज भक्तीचा उमाळा कुठून आणायचा? तसा कोणी मागितलेलाही नाही. मदर तेरेसांची 2007 साली प्रसिद्ध झालेली पत्रे त्यांचा कित्येक वर्षांचा आंतरिक कोरडेपणा दाखवतात. पण तो त्यांना सलत होता आणि प्रार्थना सुटली नव्हती. उदासीन माणसाला काही सलतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शाळा, दवाखाने, सेवाकार्य हीच जिवंत श्रद्धेची खूण नव्हे का? खूण आहे, हमी नाही. अमेरिकन मराठी मिशनकडे हे सारे असताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये मिशन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांत ते गेले, आणि दरबारही फार काळ टिकला नाही. पण म्हणून संस्था उभ्या असल्या की श्रद्धाही जिवंत असतेच का, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न निकालात निघाला नाही. परक्या मिशनच्या जागी आता आपल्याच समित्या आणि ट्रस्ट आले आहेत, एवढेच.