दुसरी कॅसेट

मागच्या आठवड्यात शेजारच्या ताई घरी आल्या. त्यांचा मुलगा वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे, आणि पाळी नसेल तेव्हा बॅन्जो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. पार्टीने गेल्या वर्षी भीमगीते ध्वनिमुद्रित केली. शब्द त्यांचे, चाली मात्र सगळ्या सिनेमाच्या. गाणी वाजली, सुपाऱ्याही मिळाल्या. आता पोरे म्हणतात, पुढची गाणी स्वतःच्याच चालीवर. ताई म्हणाल्या, "दादा, चाल ओळखीची नसली तर मिरवणुकीत कोण नाचणार? सुपाऱ्या गेल्या तर बचतगटाचा हप्ता कुठून भरायचा?"

वाचकहो, मला एकदम मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा बँड आठवला. १९८४ साली निघालेला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार. त्या काळी अशा बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत, एवढीच श्रोत्यांची अपेक्षा. यांनी मात्र स्वतःची इंग्रजी गाणी रचली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आला, १९९० मध्ये दुसरा अल्बम, ‘द सेकंड कमिंग’. गाणी स्वतःची, तरी ढंग सातासमुद्रापलीकडचाच. (आपल्या सिनेमाच्या चालींसारखेच की!)

खरे वळण त्या दुसऱ्या अल्बमनंतर आले. १९९३ मध्ये त्यांनी चालते नाव सोडले व ‘इंडस क्रीड’ झाले. इंडस म्हणजे सिंधू. चालत्या दुकानाची पाटी कोणी सुखासुखी उतरवतो का? १९९५ साली त्याच नावाचा अल्बम निघाला, त्यात रॉकला भारतीय सुरांची जोड होती.

ताईंपासून पुढचेही लपवले नाही. १९९७ मध्ये बँड मोडला. २०१० साली पुन्हा जुळला, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. मधली तेरा वर्षे गेलीच.

म्हणून माझे मत पोरांच्या बाजूचे असले तरी सल्ला बेताचा आहे. मिरवणुकीत आठ गाणी ओळखीच्या चालीची ठेवा, दोन आपली. ती दोन गर्दी रंगात आल्यावर घ्या, सुरुवातीला नको. पुढच्या वर्षी तिसरे घाला.

ताईंना ते कितपत पटले, चेहऱ्यावरून कळेना. "त्याला सांगते," म्हणाल्या आणि उठल्या. मुलाची रात्रपाळी होती, डबा भरायचा होता.