ट्रिगर की बोट?

मंडळी, दोन शनिवार बालेवाडीच्या रेंजवर माझे सगळे शॉट्स खाली-डावीकडे. निष्कर्ष सोपा होता : एअर पिस्तुलाचा ट्रिगर भिकार! गन दुरुस्त करणारा कारागीर म्हणाला, ‘‘साहेब, लोण्यासारखा करून देतो.’’ आकडा ऐकून क्रेडिट कार्ड खिशातच शहारलं.

सरांना सांगितलं. त्यांनी आधी ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन टांगलं. 10 मीटरला ट्रिगरने एवढं तरी उचलायलाच हवं, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीतच पिस्तूल नापास. म्हणजे ‘लोणी’ फार झालं तरी पंचाईतच! तीनदा टांगलं, तीनदा उचललं. मग माझ्याच पिस्तुलाने त्यांनी पाच शॉट्स मारले. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे.

‘‘आता तू. छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीवर.’’

ट्रिगर दाबला आणि पुढची साइट टुणकन खाली-डावीकडे. मी उजव्या हाताचा. दाबत नव्हतो, हिसका देत होतो, बॉस!

वजन एकदा उचललं, एकदा सुटलं, किंवा कंपनीने दिलेले स्क्रू फिरवूनही ओढ अडखळतच राहिली, तर कारागिराला पैसे जरूर द्या. घासाघीस नको. आणि घरी कानस तर मुळीच नको. आतल्या खटक्याचा कडक थर गेला की गेला.

माझे पैसे वाचले. रोज रात्री पंधरा मिनिटं भिंतीसमोर उभा असतो. आई विचारते, ‘‘छर्रे न भरता मारतोस तरी काय रे?’’