मोजमापाची मजुरी

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आपण लग्नकार्यात ऐकतो. मला ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गॅरेजात आठवली.

मानवतला पाथरी रस्त्यावर माझे वडील मेस्त्रीकाम करतात. ट्रॅक्टर, टेंपो, जिनिंगवर कापूस आणणारे ट्रक, हेच आमचे गिऱ्हाईक. एके दिवशी टेंपोत लादून एक बुटकी, दोनच माणसांची लाल गाडी आली. सॅन स्टॉर्म! सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास गोव्यात काढलेली, फायबरच्या अंगाची ही आपल्या देशातली स्पोर्ट्स कार. आत रेनॉचे ११४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. मालक पुण्यात नोकरी करणारा आमच्याच भागातला तरुण. गाडी हौसेने जुनी घेतलेली. वयोमानाने निळा धूर टाकीत होती. त्याचे म्हणणे एकच, "मेस्त्री, इंजिन खोलणारच आहात, तर टर्बो बसवूनच द्या."

आबा म्हणाले, "बसवू की. पण आधी तिचं पोट बघावं लागंल. दोन दिवस मापं घ्यायला जातील, त्याची मजुरी येगळी पडंल."

तो हसला. "नुसतं मोजायचे कसले पैसे?"

वाचकहो, माझा हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. माझे स्पष्ट मत असे की, इंजिनकामात सर्वांत सार्थकी लागणारा पैसा कोणता असेल, तर तो मोजमापाचा.

टर्बो म्हणजे काय? वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्या पंख्याला फिरवून इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. आमच्या ट्रकवाल्यांना तो नवा नाही. लांबून आल्यावर जाणते ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करीत नाहीत, कारण मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला तेल मिळत राहावे लागते. पण डिझेलचे इंजिन मुळातच दणकट. पेट्रोलच्या इंजिनात दाब व उष्णता प्रमाणाबाहेर गेली, की पेट्रोल अवेळी पेटते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन फुटते.

म्हणून आबांनी सांगितलेला बेत मी वहीत उतरवून घेतला. आधी बोअर गेजने सिलिंडरची झीज पाहायची, मायक्रोमीटरने क्रँक मोजायचा, हेड सपाट आहे की वाकले ते पट्टी लावून पाहायचे. मग टर्बोचा दाब किती ठेवायचा ते ठरवायचे. त्यावरून ओतीव पिस्टन चालेल की घडीव लागेल, पेट्रोल किती जास्त द्यायचे, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक झेपतील का, याचा हिशेब. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत, तेही आधीच पाहायचे. टर्बोची खरेदी सर्वांत शेवटी!

हा खेड्यातल्या मेस्त्रीचा भित्रेपणा नव्हे. खुद्द रेनॉ कंपनीने १९७७ साली फॉर्म्युला वन शर्यतीत पहिली टर्बो गाडी उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडून थांबली, की इंग्रजांनी तिला 'पिवळी किटली' म्हणून हिणवले. पहिला विजय मिळाला तो १९७९ साली, फ्रान्समधील दिजाँ येथे. कारखाना, पैसा आणि अभियंते हाताशी असूनही दोन वर्षे लागली. आणि आपल्याला टर्बो आठवड्यात हवा!

मापे घेतली. सिलिंडर घासलेले निघाले, हेडही किंचित वाकलेले. आकडे समोर ठेवल्यावर मालकाला पटले. टर्बो पुढे ढकलला, इंजिन मूळ मापाने बांधायचे ठरले. त्याचे पिस्टन वाचले, पैसा वाचला, कदाचित जीवही. बिल देताना मात्र त्याने सुट्या भागांचे पैसे दिले, परभणीच्या बोअरिंगचे दिले, फिटिंगचे दिले आणि 'मापे घेणे, दोन दिवस' ही ओळ खोडली. ऐन रब्बीच्या पेरणीत त्या दोन दिवसांत दोन ट्रॅक्टर आमच्या दारातून परत गेले होते. आबा काहीच बोलले नाहीत.

मी आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. येथे विचार करण्याला मान आहे, हे पाहून मला आनंद होतो. पण तोच विचार काळ्या हातांनी केला, की तो फुकट का ठरतो? हातोडीच्या घावाला आपण दाम देतो. घाव कुठे घालू नये, हे जाणणाऱ्या डोक्याला का देत नाही?

मित्रहो, तुमची मोटारसायकल असो वा कुणाची स्पोर्ट्स कार, मेस्त्री आधी मोजू म्हणाला तर त्याला मोजू द्या. आणि बिलातली ती ओळ खोडू नका.