आर्टिकलशिपला आडनाव लागतं का?

माझ्या भाचीनं बी.कॉम. करून सीए इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप काढले. पुढची पायरी आर्टिकलशिप. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली. संस्थेचा नियम आडनाव पाहत नाही. सोलापुरातल्या एका ऑफिसनं मात्र आधी आडनावच विचारलं, मग 'कळवतो' म्हणाले. अजून कळवताहेत!

त्यांच्यावर राग आहेच. पण विजापूर वेशीतल्या आपल्या दुकानदारांचं काय? रिटर्न, ऑडिट म्हणून दरवर्षी सीएला फी मोजतात. निकालाच्या दिवशी हार घालायला, फोटोला उभे राहायला सगळे हजर. त्याच सीएला 'साहेब, आमची पोरगी ठेवून घ्या' एवढं म्हणायला जीभ का रेटत नाही? वशिला म्हणा हवं तर. बाकीच्यांची पोरं कशी लागली, तेही विचारून पाहा.