विश्लेषण : स्वस्त केल्याने गेमिंग कन्सोल तगतो का?

कन्सोल खपत नसेल तर किंमत उतरवा, हा गेमिंग व्यवसायातला जुना सल्ला. तो कधी फळतो आणि कधी फसतो, हे जपानच्या निन्टेंडो कंपनीने अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने अनुभवले.

‘थ्रीडीएस’ कसा सावरला?

हातात धरून खेळायचा ‘थ्रीडीएस’ २०११च्या मार्चमध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला. चष्म्याविना त्रिमितीय चित्र दिसण्याचे अप्रूप होते, पण एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात जेमतेम ७ लाख १० हजार कन्सोल खपले. ऑगस्टमध्ये किंमत थेट १७० डॉलरवर आली. जपानमध्ये ती २५ हजार येनवरून १५ हजार येन झाली. आधी पूर्ण पैसे मोजलेले ग्राहक भडकू नयेत म्हणून त्यांना २० जुने गेम मोफत देण्यात आले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वत:च्या वेतनात निम्मी कपात केली.

मात्र, खरा हातभार लागला तो गेमचा. नोव्हेंबरमध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ आणि डिसेंबरमध्ये ‘मारिओ कार्ट ७’ आले. म्हणजे कन्सोल स्वस्त झाला आणि त्यावर खेळावे असे काही लगोलग हातातही पडले. पुढे ‘थ्रीडीएस’ची विक्री साडेसात कोटींवर गेली. अर्थात हे फुकट झाले नाही. काही काळ तो तोट्यात विकावा लागला आणि चढ्या येनचीही भर पडून त्या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ४३ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला. कन्सोलवर सोसायचे आणि गेमवर कमवायचे, असे हे गणित. गेमच खपले नाहीत तर कपात म्हणजे नुसता खड्डा.

मग ‘वी यू’ का बुडाला?

२०१२च्या अखेरीस आलेल्या ‘वी यू’चे दुखणे किंमत हे नव्हतेच. हा नवा कन्सोल आहे की जुन्या ‘वी’ची जोडवस्तू, हेच अनेकांना उमगले नाही. सप्टेंबर २०१३मध्ये ३५० डॉलरचा संच ३०० डॉलरला मिळू लागला. तरीही जानेवारीत कंपनीने वर्षभराच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला. ग्राहक नाहीत म्हणून इतर कंपन्या गेम काढेनात, गेम नाहीत म्हणून ग्राहक येईनात. अखेर एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकली.

सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’चेही तेच झाले. २००० साली ‘प्लेस्टेशन २’ अमेरिकेत ३०० डॉलरला आला, तेव्हा ‘ड्रीमकास्ट’ १५० डॉलरला मिळत होता. निम्मी किंमत असूनही गिऱ्हाईक ‘प्लेस्टेशन’कडेच गेले. जानेवारी २००१मध्ये सेगाने कन्सोलचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली.

आज हा उपाय उरला आहे का?

पूर्वी सुटे भाग वर्षागणिक स्वस्त होत, त्यामुळे कपातीला वाव असे. आता उलटे आहे. २०२०मध्ये ५०० डॉलरला आलेला मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स सीरिज एक्स’ ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत ६५० डॉलरवर गेला. ‘प्लेस्टेशन ५’ही महागला. या स्पर्धेत मागे पडलेल्या मायक्रोसॉफ्टने किंमत उतरवण्याऐवजी आपले गेम प्रतिस्पर्ध्याच्या कन्सोलवर विकायला घेतले आहेत. ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५मध्ये ‘प्लेस्टेशन ५’वर आला. त्यातून गेमचा खप वाढेलही, पण ‘एक्सबॉक्स’च का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर देणे दुकानदाराला आणखी अवघड झाले आहे.