परवान्याची मुदत आणि मुलाकडचा मुक्काम

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील अनेक घरांना चार-सहा महिन्यांसाठी कुलूप लागते. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत किंवा लंडनला स्थायिक झालेली असते आणि नातवंडांच्या ओढीने आई-वडील तिकडे जातात. पहिले पंधरा दिवस कौतुकात सरतात. नंतर मात्र एक उणीव जाणवू लागते. ज्या गृहस्थाने तीस वर्षे स्वतः गाडी चालवून भिवंडी-उल्हासनगरच्या बाजारपेठा पालथ्या घातल्या, त्याला दूध-भाजीसाठीही मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. ठाकुर्लीत घरातून निघाले की थोड्याच वेळात स्टेशन गाठता येते. अमेरिकेतील उपनगरांत तशी सोय क्वचितच. मिलपिटासच्या जैन मंदिरात दर्शनाला जायचे तरी कोणीतरी गाडी काढावी लागते. म्हणूनच जाण्यापूर्वी बहुतेक जण विचारतात : तिकडे आपल्याला गाडी चालवता येईल का?

उत्तर बहुधा ‘होय’ असेच असते. मात्र ते एका कागदाविषयीच्या गैरसमजात अडकलेले आहे. ‘आंतरराष्ट्रीय वाहन परवाना’ हा स्वतंत्र परवाना आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो मूळ भारतीय परवान्याचा, १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार ठरलेल्या नमुन्यातील, अनेक भाषांमधील अनुवाद होय. त्याची मुदत एक वर्ष किंवा मूळ परवाना संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. मूळ परवाना सोबत नसेल, तर या पुस्तिकेला काडीचीही किंमत नाही. इंटरनेटवर तीन-तीन, पाच-पाच वर्षांचे ‘जागतिक परवाने’ विकणारे अनेक जण आहेत. तो कागद कोणत्याही सरकारने दिलेला नसतो. त्यावर खर्च केलेला पैसा पाण्यात गेला असे समजावे.

खरा परवाना आपल्या परिवहन कार्यालयातच मिळतो. ठाकुर्लीकरांसाठी ते कल्याणचे, ‘एमएच-०५’ पाटीचे कार्यालय. नमुना ४-अ मधील अर्ज, मूळ परवाना, पारपत्र आणि केंद्रीय नियमांतील १,००० रुपये शुल्क, एवढी मुख्य सामग्री लागते. अर्जाची सुरुवात ‘सारथी’ संकेतस्थळावर होते. २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनंतर देशभर या पुस्तिकेचा नमुना एकच झाला असून मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड तिच्यावर असतो. अडचण येते ती जुन्या परवान्यांची. पूर्वी मुंबईत राहून नंतर ठाकुर्लीला आलेल्या कुटुंबांत परवान्यावर अजून गिरगाव किंवा काळबादेवीचा पत्ता असतो. हस्तलिखित पुस्तिकेच्या काळातील परवाना असल्यास त्याची संगणकीय नोंदही नसते. हे दोन्ही तिकीट काढण्यापूर्वीच निस्तरावे. नावाचेही तसेच. परवान्यावर वडिलांचे नाव मध्ये आणि पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात, असे असेल तर तिकडच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याला ही दोन माणसे वाटू शकतात.

त्याहून महत्त्वाची बाब मुदतीची. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण झालेला परवाना केवळ पाच वर्षांचा असतो. पासष्ट वर्षांच्या गृहस्थाचा परवाना ऑगस्टमध्ये संपणार असेल आणि ते एप्रिल ते ऑक्टोबर परदेशात असतील, तर ऑगस्टमध्ये पुस्तिकाही आपोआप निकामी होते. ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपल्यास भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय झाली आहे. पण ती पुस्तिकेपुरती. मूळ परवानाच संपला, तर अनुवाद कशाचा करणार? सुदैवाने त्याच कायद्याने मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करण्यास मुभा दिली आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये घेऊन हे काम प्रवासापूर्वी उरकावे.

देशोदेशीचे नियम सारखे नाहीत. कॅलिफोर्निया अठरा वर्षांवरील पाहुण्याला त्याच्या देशाच्या वैध परवान्यावरच गाडी चालवू देते, आंतरराष्ट्रीय पुस्तिका तेथे सक्तीची नाही. मात्र तेथील रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत स्थानिक परवाना घ्यावा लागतो. इतर राज्यांचे नियम निराळे असू शकतात, आणि कायदा मागत नसला तरी भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्या पुस्तिका मागू शकतात. ब्रिटनमध्ये पाहुण्याला बारा महिने भारतीय परवाना चालतो. जपानला १९४९ च्या कराराची पुस्तिका हवी. मुख्य भूमीवरील चीन ती मानतच नाही. तेथे अल्पकालीन मुक्कामासाठी तात्पुरता स्थानिक परवाना घ्यावा लागतो. दुबईची गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. पाहुणा म्हणून गेल्यास पुस्तिका चालते. पण भागीदारीच्या निमित्ताने निवासी व्हिसा लागला, की त्या क्षणापासून स्थानिक परवाना आवश्यक ठरतो. पुस्तिका खिशात आहे म्हणून गाडी चालवत राहणारा भागीदार प्रत्यक्षात विनापरवाना असतो.

अमेरिकेत मुक्काम लांबणार असेल तर काही राज्ये तात्पुरत्या पाहुण्यालाही परवाना देतात. २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यानुसार अशा पाहुण्याला दिलेल्या परवान्याची मुदत त्याच्या मुक्कामाच्या मुदतीशी बांधलेली असते. आय-९४ या प्रवेशनोंदीवरील तारीख हीच परवान्याची शेवटची तारीख. सहा महिन्यांच्या मुक्कामातले दोन महिने कागदपत्रांत गेले, तर उरलेल्या चारांसाठी परीक्षेचा खटाटोप करावा की नाही, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा. बहुतेकांना तो परवडणार नाही.

येथवरची चर्चा कागदांची झाली. घरोघरी फारशी होत नाही ती विम्याची. भारतात अपघातात त्रयस्थाचा मृत्यू झाला किंवा त्याला दुखापत झाली, तर सक्तीच्या विम्याच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते. या सवयीने आपले लोक समजतात की गाडीचा विमा आहे म्हणजे सर्व झाले. कॅलिफोर्नियात सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढवली, ती एका व्यक्तीच्या दुखापतीसाठी ३०,००० डॉलर आणि एका अपघातातील सर्वांसाठी ६०,००० डॉलर. तेथील रुग्णालयांचे दर पाहता ही रक्कम लवकरच संपते. वरची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर येऊन पडते आणि तिची झळ मुलाच्या घरापर्यंत पोहोचू शकते. शिवाय घरात महिनोन्महिने राहून नियमित गाडी वापरणाऱ्याचे नाव विमा कंपनीला कळवावे, अशी अपेक्षा असते. ते न कळवल्यास दाव्याच्या वेळी वाद उद्भवतो. आपण इथून घेतलेला प्रवास विमा अशा जबाबदारीला सहसा लागू नसतो. म्हणून वडिलांनी चावी मागण्याआधी मुलाला पॉलिसी काढायला सांगावी, मर्यादा वाचावी आणि कंपनीला लेखी विचारावे. कर्जाला हमीदार राहताना कागद वाचणारे लोक चावी घेताना मात्र काही वाचत नाहीत.

रस्त्यांविषयी थोडेच. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालवावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळताना, कारण हात जुन्या सवयीने गाडी चुकीच्या बाजूला नेतात. चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो, कल्याण-शीळ रस्त्यावर ज्याचा हॉर्न मोठा तो निघतो. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरता येत नाही, पंपावरील माणूसच भरतो. तेवढी एक बाब ठाकुर्लीच्या माणसाला घरच्यासारखी वाटते. मुलाला शेजारी बसवून पहिले आठ-दहा दिवस सकाळच्या निवांत वेळी आसपासच्या गल्ल्यांतच गाडी फिरवावी, आणि हमरस्त्यावर जाण्याची घाई करू नये.